कोण कोण पाहणार?

चवथीच्या दिवशी गोव्यातल्या चोपडे गावात एखाद्या घरी गणपतीच्या वर फळाफुलांची माटोळी बांधून झाली, की ती पाहणारे कोण हे पूर्वी ठरलेले असे. घरचे, वाड्यावरचे, आरतीला आलेले आणि गणपती असेपर्यंत येऊन-जाऊन असणारे पाहुणे. आता पूजा सुरू व्हायच्या आधीच माटोळीचा फोटो निघतो आणि घराण्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडतो. तिथे मुंबईतले चुलते असतात, दुबईत नोकरीला असलेला भाचा असतो, बोटीवरचा तारवटी भाऊ असतो, पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडला गेलेले एखादे जोडपे असते. ज्याला रजा मिळाली नाही त्याला तेवढाच घरचा गणपती. याला नाक मुरडण्याचे काही कारण नाही.

पण फोटोत नुसती माटोळी नसते. खाली पाटावर उघड्या अंगाने बसलेले काका असतात, नुकतीच न्हालेली आणि केस पुसत उभी असलेली सून असते, भिंतीला टेकलेली आजारी आजी असते, मागच्या दारातून अर्धे कपाट दिसत असते. घराण्याच्या ग्रुपवर यातले काहीच खटकत नाही, कारण तिथल्या प्रत्येकाने ती सून आणि ते कपाट शंभरदा पाहिलेले आहे. तोच फोटो स्टेटसवर गेला, की पाहणारे बदलतात आणि फोटोही बदलतो.

चोपडे, मोरजी, मांद्रे या पट्ट्यात ही गोष्ट जरा जास्तच तीव्र आहे. इथे बऱ्याच घरांत दोन खोल्या पर्यटकांना भाड्याने दिलेल्या असतात, कुणी दुचाक्या भाड्याने देतो, कुणी टॅक्सी चालवतो. अशा माणसाच्या फोनमध्ये हंगामागणिक शेकडो अनोळखी नंबर साठतात: ‘रशियन दोन खोल्या’, ‘पुणे अ‍ॅक्टिव्हा’, ‘दिल्ली विमानतळ’. त्यांनीही याचा नंबर जपून ठेवलेला असतो, कारण पुढच्या वर्षी स्वस्तात खोली हवी असते. व्हॉट्सअ‍ॅपचे स्टेटस ‘माझे संपर्क’ या पर्यायावर असेल, तर दोघांनीही एकमेकांचे नंबर जतन केलेले असले की ते दिसते. म्हणजे धंद्यासाठी ठेवलेला प्रत्येक नंबर हा घरच्या चवथीचा प्रेक्षक होतो. यात कुणी काही चोरलेले नाही, कुणी हॅक केलेले नाही. सगळे नियमाप्रमाणे झालेले आहे.

ऑनलाइन फोटोंच्या खासगीपणाबद्दल बोलताना आपण बहुधा गुन्हेगारांपासून सुरुवात करतो, आणि मग ज्याच्या फोटोत ‘लपवण्यासारखे काही नाही’ तो निर्धास्त राहतो. मला हे उलटे वाटते. लपवण्यासारखे काही असो वा नसो, कोणता फोटो कुणापुढे ठेवायचा हे आपण ठरवायचे, एवढीच मूळ गोष्ट आहे. गुन्हेगार ही त्या गोष्टीची शेवटची आणि सर्वांत वाईट शाखा.

कॅमेरा भारतात आल्यापासून हा प्रश्न लोकांनी आपापल्या परीने सोडवलेला दिसतो. लाला दीनदयाळ यांनी हैदराबादेत १८९२ च्या सुमारास खास स्त्रियांसाठी ‘जनाना स्टुडिओ’ काढला. पडद्यातल्या घरांतील स्त्रियांना फोटो तर हवा होता, पण तो काढताना परपुरुषाची नजर नको होती. म्हणून फोटो काढणारी बाई, भोवती उंच भिंती आणि पहारा. फोटो तयार झाला की तो घरी जाई आणि घरातही कुठे राहायचे ते ठरलेले असे. गोव्यातल्या जुन्या घरांत आजही ही वाटणी दिसते. बाहेरच्या खोलीत, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेस पडतील असे पूर्वजांचे फ्रेम केलेले फोटो. लग्नाचा अल्बम कपाटात, तो जवळचा पाहुणा आला तरच निघणार. आणि एखादे पाकीट देवाच्या खोलीतल्या पेटीत, ते कुणालाच दाखवायचे नाही.

तिकडे अमेरिकेत ईस्टमनने १८८८ मध्ये कोडॅक कॅमेरा बाजारात आणला आणि कुणीही, कुणाचाही, न विचारता फोटो काढू लागला. दोनच वर्षांनी, डिसेंबर १८९० मध्ये, सॅम्युएल वॉरन आणि लुई ब्रँडाइस या वकिलांनी ‘हार्वर्ड लॉ रिव्ह्यू’मध्ये खासगीपणाच्या हक्कावर लेख लिहिला. आधुनिक कायद्यातल्या खासगीपणाच्या चर्चेचे मूळ याच लेखात शोधतात, आणि तो लेख लिहायला लावणाऱ्या कारणांत झटपट निघणारे फोटो हे एक ठळक कारण होते. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले, ते २४ ऑगस्ट २०१७ रोजी. तोवर प्रत्येकाच्या खिशात कोडॅकहून शंभरपट चांगला कॅमेरा आला होता.

कपाट, पेटी आणि भिंत यांनी जी वाटणी आपोआप केली होती ती फोनने मोडली. अ‍ॅलिस मार्विक आणि डॅना बॉइड या अभ्यासकांनी समाजमाध्यमांतील या अवस्थेचा नीट अभ्यास केला आहे: आयुष्यात वेगवेगळ्या ठिकाणी भेटणारी माणसे, म्हणजे मामा, माजी वर्गमित्र, ऑफिसातला साहेब आणि गावचा पंच, एकाच वेळी एकाच जागी समोर येऊन बसतात. मामासमोर आपण जसे वागतो तसे साहेबासमोर वागत नाही. इथे मात्र दोघांसाठी एकच चेहरा काढावा लागतो. त्यावर माणसे दोन मार्ग काढतात. काही जण अगदी गुळगुळीत, कुणालाच न टोचणारे तेवढेच टाकतात. काही जण गर्दीतच खूण ठेवतात. फोटो सर्वांना दिसतो, त्याखालच्या ओळीचा अर्थ चौघांनाच कळतो. चोपड्यातल्या कॉलेजच्या मुलींना हा दुसरा मार्ग कुणी शिकवावा लागत नाही.

आपल्याला कोण पाहते याचा आपला अंदाज किती चुकतो, हेही मोजले गेले आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठ आणि फेसबुक यांच्या संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासासाठी सुमारे २ लाख २२ हजार फेसबुक वापरकर्त्यांच्या नोंदी तपासल्या आणि काहींना विचारले, तुमची ही पोस्ट किती जणांनी पाहिली असेल? लोकांचा अंदाज खऱ्या आकड्याच्या अवघा २७ टक्के निघाला. याचे कारण साधे आहे. जे ‘लाइक’ करतात, हृदय पाठवतात, ‘गणपती बाप्पा मोरया’ लिहितात, तेवढेच आपल्याला दिसतात. नुसते पाहून पुढे जाणारे दिसत नाहीत. फोटो टाकताना डोळ्यांसमोर दहा जण असतात आणि आपण त्या दहांसाठी फोटो निवडतो.

मग प्रेक्षक निवडण्याची सोय नाही का? आहे, आणि ती जुनी आहे. २००४ मध्ये निघालेल्या फ्लिकरवर फोटो ‘कुटुंब’, ‘मित्र’ किंवा ‘सर्वांसाठी’ असा ठेवता येई. गूगलने २०११ मध्ये गूगल प्लस काढले ते याच भांडवलावर: ओळखीच्या माणसांची वेगवेगळी वर्तुळे करा आणि प्रत्येक फोटो एकेका वर्तुळाला दाखवा. कल्पना बिनचूक होती, पण २०१९ च्या एप्रिलमध्ये ते दुकान बंद झाले. त्या अपयशाची कारणे अनेक असतील. मला पटणारे एक कारण असे की माणसांच्या याद्या करणे हे कंटाळवाणे आणि थोडे निष्ठुर काम आहे. कोणता चुलत भाऊ ‘जवळचा’ आणि कोणता ‘लांबचा’, हे मनात माहीत असते, पण यादीत लिहायची वेळ आली की हात अडखळतो. आणि लिहिलेली यादी शिळी होते. दोन वर्षांपूर्वी ‘जवळची मैत्रीण’ असलेली बाई आज बोलत नसते, यादीत मात्र असते.

माणसे याद्या करत नाहीत म्हटल्यावर कंपनी आधीपासून जे ठरवून ठेवते तेच बहुतेकांचे नशीब ठरते. फेसबुकने डिसेंबर २००९ मध्ये आपली रचना बदलली आणि बरीच माहिती सर्वांना खुली करणारा पर्याय पुढे केला. त्यावरून आणि अशाच इतर गोष्टींवरून अमेरिकेच्या व्यापार आयोगाकडे तक्रारी गेल्या, आणि २०११ मध्ये कंपनीला आयोगाशी तडजोड करावी लागली. नव्या सदस्याची पहिली पोस्ट आपोआप ‘सर्वांसाठी’ न जाता ‘मित्रांसाठी’ जावी, हा बदल व्हायला २०१४ उजाडले. इन्स्टाग्रामने अठरा वर्षांखालील मुलांची खाती आपोआप खासगी करायला सुरुवात केली ती सप्टेंबर २०२४ मध्ये. जी गोष्ट आपोआप व्हायला हवी होती तिला दहा-दहा वर्षे लागली, हे लक्षात ठेवून ज्याने-त्याने आपल्या फोनमधली ‘गोपनीयता’ ही पाटी एकदा उघडून पाहावी.

व्हॉट्सअ‍ॅपमध्ये तिथे स्टेटससाठी तीन पर्याय असतात: सगळे संपर्क, काही सोडून बाकीचे, किंवा फक्त निवडलेले. खोल्या भाड्याने देणाऱ्याने ‘काही सोडून’च्या मागे लागू नये, दर हंगामात नवे नंबर येतात आणि ते सोडायचे राहून जातात. ‘फक्त निवडलेले’ हा पर्याय त्याच्यासाठी. घरची पंचवीस-तीस माणसे एकदाच निवडायची, नवा पर्यटक त्यात आपोआप शिरत नाही. बदल केला की तो पुढच्या स्टेटसपासून लागू होतो. आधीच टाकलेले स्टेटस जुन्याच प्रेक्षकांना दिसत राहते, ते पुसावेच लागते. याहून सोपा उपाय म्हणजे धंद्याला वेगळा नंबर. दोन सिमकार्डांचा फोन आता दुर्मीळ नाही. इन्स्टाग्रामवर २०१८ पासून ‘जवळचे मित्र’ अशी एकच यादी ठेवता येते, आणि ती बऱ्यापैकी चालते याचे कारण ती एकच आहे.

प्रेक्षक नीट निवडले तरी फोटोबरोबर आणखी काय जाते ते पाहायला हवे. फोनमधल्या फोटोच्या फाइलीत तारीख, वेळ, फोनचे मॉडेल आणि परवानगी असेल तर ठिकाणाचे अक्षांश-रेखांशही लिहिले जातात. अँटिव्हायरसवाले जॉन मॅकफी २०१२ मध्ये बेलीझच्या पोलिसांना चुकवत फिरत होते. त्यांच्याबरोबर असलेल्या ‘व्हाइस’ मासिकाच्या पत्रकारांनी त्यांचा एक फोटो मोठ्या दिमाखात प्रसिद्ध केला. फोटोत ठिकाण ओळखू येण्यासारखे काही नव्हते, पण फाइलीत अक्षांश-रेखांश तसेच राहिले होते. मॅकफी ग्वाटेमालात आहेत हे जगाला कळले. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो नेहमीसारखा पाठवला तर तो दाबून लहान होतो आणि ही माहिती गळून पडते. ‘चांगल्या क्वालिटीत पाठव’ म्हणून तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला, की सगळे जसेच्या तसे जाते. ईमेलचेही तेच. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ठिकाणाची नोंद बंद करता येते. घरचे फोटो काढताना ती बंद असलेली बरी.

फाइलीपेक्षा जास्त माहिती बहुधा चित्रातच असते. मुलाच्या गणवेशावरचा शाळेचा बिल्ला, फाटकावरचा घर क्रमांक, गाडीची नंबरप्लेट. आणि वेळ. चवथीला पर्वरी किंवा म्हापशातले फ्लॅट बंद करून सगळे मूळ घरी जातात. त्या दिवशी सकाळी ‘निघालो गावाला’ म्हणून गाडीत बसलेल्या पाच जणांचा सेल्फी टाकणे म्हणजे फ्लॅटमध्ये कुणी नाही हे जाहीर करणे. तोच सेल्फी परत आल्यावर टाकला तर आनंदात काय कमी होते? हा सल्ला मी अनेकांना देतो आणि तो कुणी पाळत नाही, कारण चवथीचा फोटो चवथीलाच टाकायचा असतो.

गूगल फोटोजवरून लग्नाचा अल्बम ‘लिंक’ने पाठवणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे, की ती लिंक ज्याच्या हाती पडेल त्याला अल्बम उघडतो. सभागृहाच्या दारात आमंत्रण तपासणारे कुणी तिथे उभे नसते. वऱ्हाड पांगले की लिंक बंद करता येते.

आता पाठवल्यानंतरचे. व्हॉट्सअ‍ॅपने २०१८ च्या जुलैत भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे ढकलता येईल असा निर्बंध आणला. त्याला कारण झाल्या जमावाने केलेल्या हत्या: १ जुलै रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेतून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठार मारले होते. देशात इतरत्रही असे बळी गेले होते. पाचाचा निर्बंध वेग कमी करतो, प्रवास थांबवत नाही. ‘एकदाच पाहा’ ही सोय २०२१ मध्ये आली, नंतर तिचा स्क्रीनशॉट घेणेही अडवले गेले. पण दुसऱ्या फोनने समोरच्या फोनचा फोटो काढता येतो, त्याला कोणती कंपनी काय करणार. ‘सर्वांसाठी हटवा’ दाबल्यावर ग्रुपमधून फोटो जातो, पण तोवर तो कुणाच्या गॅलरीत उतरून त्याच्या क्लाउडवरही चढलेला असू शकतो. हे ढकलणे बहुधा वैरी करत नाहीत. कौतुकाने भरून आलेली मावशी करते.

वैर असते तेव्हा काय होते, तेही आपण पाहिले आहे. फेसबुकने जून २०१७ मध्ये ‘प्रोफाइल पिक्चर गार्ड’ ही ढाल भारतात आणली, कारण इथल्या अनेक स्त्रिया फोटोचा गैरवापर होईल या भीतीने स्वतःचा चेहराच लावत नाहीत, असे त्यांना आढळले होते. प्रोफाइलवर फूल, बाळकृष्ण किंवा सूर्यास्त असण्याचे हे एक कारण. भीती खोटी नव्हती. २०२१ च्या जुलैत आणि २०२२ च्या जानेवारीत दोन अ‍ॅप निघाली, ज्यांत मुस्लिम स्त्रियांचे त्यांनी स्वतः सार्वजनिक ठेवलेले फोटो उचलून त्यांचा ‘लिलाव’ मांडला होता. दुसऱ्या प्रकरणात मुंबई पोलिसांच्या सायबर शाखेने आरोपी पकडले. त्या स्त्रियांचे फोटो साधे होते, कामाच्या ठिकाणचे, पुस्तक हातात घेतलेले. त्यांनी ते लावायला नको होते, असे म्हणणाऱ्यांशी माझे अजिबात जुळत नाही.

कायद्यात एक तरतूद आहे जी फारशी कुणाला माहीत नसते. भारतीय न्याय संहितेचे कलम ७७ (पूर्वीच्या दंड संहितेतले ३५४-सी) सांगते, की एखाद्या स्त्रीने खासगी क्षणाचा फोटो काढू दिला असेल, पण तो तिसऱ्याला दाखवायला संमती दिली नसेल, तर तो पसरवणे हा गुन्हा आहे. काढायला होकार आणि दाखवायला होकार हे दोन वेगळे होकार आहेत, हे २०१३ पासून आपल्या कायद्यात लिहिलेले आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-ई खाली खासगी अवयवांचे चित्र संमतीविना काढणे वा पसरवणे यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. अशा चित्राबद्दल, किंवा चेहरा चिकटवून बनवलेल्या चित्राबद्दल तक्रार आल्यास कंपनीने ते २४ तासांत उतरवावे, असे बंधन २०२१ च्या नियमांनी घातले होते; २०२६ मध्ये ही मुदत आणखी कमी झाली. केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करता येते. ‘स्टॉपएनसीआयआय’ ही २०२१ मध्ये सुरू झालेली सेवाही उपयोगाची आहे: फोटो तुमच्या फोनमधून बाहेर जात नाही, त्याची फक्त आकडी खूण तयार होते आणि सहभागी कंपन्या त्या खुणेवरून फोटो अडवतात. ती प्रौढांसाठी आहे. अठरा वर्षांखालील व्यक्तीच्या चित्रांसाठी ‘टेक इट डाउन’ ही तशीच वेगळी सेवा आहे.

आतापर्यंत आपल्या कॅमेऱ्याबद्दल झाले. शिवोलीहून पूल ओलांडून चोपड्यात आलेली पर्यटकांची रांग मोरजी, आश्वे, हरमलच्या दिशेने जाते आणि तिथे दुसराच प्रश्न उभा राहतो. किनाऱ्यावर ऊन घेत पडलेल्या परदेशी बायकांचे फोटो काढणारी टोळकी हा इथला जुना त्रास. अखेर गोव्याच्या पर्यटन खात्याने २०२३ च्या जानेवारीत सूचना काढली: अनोळखी पर्यटकांचे, विशेषतः ऊन घेणाऱ्या वा पोहणाऱ्यांचे, परवानगीशिवाय फोटो किंवा सेल्फी काढू नका. गावकऱ्यांचीही तक्रार आहेच. ‘डिअर जिंदगी’ चित्रपटानंतर पर्राच्या माडांच्या रस्त्यावर एवढी गर्दी उसळली, की २०१९ मध्ये तिथे फोटोसाठी पाचशे रुपयांपर्यंत घेतले जाऊ लागले. ओरड झाल्यावर ते मागे घेतले. पणजीच्या फोंतेन्यासमध्ये रहिवाशांनी ‘फोटो काढू नका’च्या पाट्या लावल्या, कारण त्यांच्या रंगीत दारात उभे राहून अनोळखी माणसे फोटोसाठी मिरवत होती आणि आतल्या माणसाला दार उघडणे कठीण झाले होते. जत्रेत, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात, मासळी विकणाऱ्या बाईसमोर कॅमेरा रोखणाऱ्यांत आपलेही लोक असतात. तिला विचारायला पाच सेकंद लागतात. ती बहुधा हो म्हणते, आणि मग पदर सारखा करून जी उभी राहते तो फोटो जास्त चांगला येतो.

लग्नाच्या फोटोग्राफरचा मुद्दाही इथेच. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, पैसे देऊन कुणाकडून फोटो काढून घेतला असेल आणि वेगळा करार नसेल, तर त्या फोटोचा पहिला मालक काढून घेणारा असतो, काढणारा नव्हे. म्हणजे तुमच्या मुलीच्या हळदीचे फोटो स्वतःच्या जाहिरातीसाठी इन्स्टाग्रामवर टाकण्यापूर्वी फोटोग्राफरने तुम्हाला विचारले पाहिजे. बयाणा देताना छापील कागदावर सही करतो, त्यातल्या बारीक अक्षरांत नेमका हाच हक्क कधी कधी लिहून दिलेला असतो. वाचून सही करावी, नको असेल ती ओळ खोडावी.

मुलांच्या बाबतीत कायदा जवळजवळ गप्प आहे. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा मुलांच्या माहितीबद्दल कंपन्यांना बांधतो, पण घरगुती कारणासाठी व्यक्तीने केलेल्या वापराला तो लागूच नाही. आईने बाळाच्या आंघोळीचा फोटो टाकला तर तो कायदा आत येत नाही. फ्रान्सने २०२४ मध्ये मुलांच्या प्रतिमेचा हक्क दोन्ही पालकांनी मिळून, मुलाचे वय आणि समज पाहून मुलालाही त्यात घेऊन जपावा, असा कायदा केला. आपल्याकडे आठ-नऊ वर्षांची मुले स्वतःच ‘हा टाकू नको’ म्हणतात. ऐकावे.

चवथीला सगळे जमले की कुणीतरी जुना अल्बम काढतो आणि मोबाइलने पानापानाचे फोटो घेऊन ग्रुपवर टाकू लागतो. याचा फायदा मोठा असतो: ‘ही डावीकडची कोण?’ याचे उत्तर दुबईहून येते. त्या फोटोतल्या बायकांनी मात्र हे चाळीस-पन्नास जणांना दिसेल असे गृहीत धरलेले नव्हते, म्हणून घरातल्या थोरल्या माणसाला आधी विचारावे आणि नावे, साल, ठिकाण खाली लिहावे. त्यात पूल होण्यापूर्वीच्या चोपडे-शिवोली फेरीबोटीवर काढलेला एखादा फोटो निघाला, तर तो गावाचाही असतो. पूर्ण फोटो घरच्या ग्रुपवर ठेवावा, आणि माणसे कापून उरलेली बोट, धक्का आणि शापोरा नदी गावाच्या ग्रुपवर द्यावी.